वाड्याच्या सागवानी फळ्यांपासून ऑडिओ रॅक: मापे आणि सांधे यांविषयी सल्ला हवा

गोदाकाठ
नमस्कार. जुन्या नाशकातला आमचा वाडा गेल्या वर्षी उतरवला, तेव्हा माळ्याच्या पाच सागवानी फळ्या मी वखारीत न देता ठेवून घेतल्या. प्रत्येक फळी सहा फूट लांब, नऊ इंच रुंद आणि सव्वा इंच जाड आहे. त्यांतून गंगापूर रोडवरच्या फ्लॅटसाठी रॅक करण्याचा विचार आहे. त्यात टर्नटेबल, १७ इंच रुंदीचा अ‍ॅम्प्लिफायर, सीडी प्लेयर आणि दीडशेच्या आसपास एलपी बसायला हव्यात. सध्या हे सर्व सामान पाठीमागून बंद आणि पुढे काचेची दारे असलेल्या शोकेसमध्ये आहे. तासाभराने अ‍ॅम्प्लिफायरच्या झाकणावर हात ठेववत नाही आणि खोलीतून कोणी चालत गेले की तबकडीवरची सुई उडते. आमचे मिस्त्री या फळ्यांचेही तसेच बंद कपाट करू म्हणतात, कारण धूळ बसणार नाही. ते मला पटत नाही, पण वेगळे नेमके काय सांगावे हेही सुचत नाही. फळ्या पुरतील का?

रंधा
पुरतील, पण कापणीचा हिशेब आधी कागदावर मांडून घ्या. तीन फळ्यांचे दोन-दोन फुटांचे नऊ तुकडे होतात. त्यांतले दोन-दोन कडेला कड लावून चिकटवले की रंधा मारल्यावर साधारण १७ इंच खोलीचे चार कप्पे मिळतात आणि एक तुकडा उरतो. उरलेल्या दोन फळ्यांचे तीन-तीन फुटांचे चार तुकडे करा. त्यांतले तीन उभे चिरले की तीन इंची नऊ पट्ट्या निघतात. दोन-दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून चार भक्कम खांब करा. चौथ्या तुकड्याच्या पट्ट्या पाठीमागे आडव्या लावा, म्हणजे रॅक डावी-उजवीकडे हेलकावणार नाही. तुमच्या सुईच्या उड्या बहुधा या हेलकाव्यामुळेच आहेत, कारण शोकेसला वजन असते पण ताठपणा नसतो.

उंचीचा हिशेबही तीन फुटांत बसतो. सर्वांत खाली एलपींसाठी ३४ सेंटिमीटर मोकळे ठेवा, कारण कव्हर साडेएकतीसचे असते आणि बोट घालून ते ओढता यायला हवे. त्यावर अ‍ॅम्प्लिफायरला २५, त्यावर सीडी प्लेयरला १५ आणि माथ्यावर टर्नटेबल. दीडशे एलपींचे वजन चाळीस किलोच्या घरात जाते, म्हणून कप्पा दोन फुटांपेक्षा लांब करण्याचा मोह टाळा; तेवढ्याच वजनाखाली लांबी दुप्पट झाली तर फळीचा वाक आठपट होतो.

आता मुख्य गोष्ट. सागवान टिकाऊ असले तरी ते हलते. आपल्याकडचा कोरडा एप्रिल आणि ओला जुलै यांच्यामध्ये १७ इंच रुंदीचा कप्पा दोन-तीन मिलिमीटर फुगू शकतो, तोही रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून कप्पा पुढच्या खांबांच्या खोबणीत फेव्हिकॉलने पक्का बसवा, पण मागच्या खांबांत चिकटवू नका. तिथे लांबट भोकातून स्क्रू घ्या, म्हणजे लाकडाला सरकायला जागा राहील. चारही बाजूंनी आवळलेला कप्पा चिरतो, आणि दोष मात्र लाकडाला दिला जातो.

रंधा मारण्यापूर्वी प्रत्येक फळीवर लोहचुंबक फिरवा. माळ्याच्या फळ्यांत डोके तुटलेले खिळे आत बसलेले असतात आणि वरून फक्त काळा डाग दिसतो. अशा एका डागाने माझ्या रंध्याच्या नव्या पात्याला ज्वारीच्या दाण्याएवढी खाप पाडली होती. शिवाय सागवान तेलकट असते. चिकटवायच्या कडा ताज्या रंधून, थिनरच्या फडक्याने पुसून, लगेच शिकंज्यात धरा.

पाणसळ
वरील सल्ल्याशी एक मतभेद नोंदवतो. एलपींच्या कप्प्यासाठी १९ मिलिमीटरचा चांगला प्लाय अधिक शहाणपणाचा ठरेल, कारण तो फुगत नाही आणि सपाट राहतो. सागवानामुळे आवाज गोड होतो ही समजूत मी अनेकांकडून ऐकली आहे, परंतु रॅकचे काम आवाज करणे नसून गप्प राहणे हे आहे. पॉलिश मात्र कप्प्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच द्या, नाहीतर एकच बाजू दमट हवा पिते आणि फळीची पन्हळ होते. चपड्याचे पॉलिश दमट हवेत पांढरट पडते. मेलामाइन वापरा आणि ते काम पाऊस सुरू होण्याआधी उरका.

खरखर
रॅक कोणताही करा, पण स्पीकर त्यावर ठेवू नका. टर्नटेबल अ‍ॅम्प्लिफायरच्या थेट वर आले तर ट्रान्सफॉर्मरची गुणगुण पिकअपमध्ये, म्हणजे सुई धरणाऱ्या डोक्यात, शिरते, म्हणून मध्ये सीडी प्लेयर ठेवण्याची रचना योग्य आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या वर किमान दहा सेंटिमीटर हवा हवी, पाठ पूर्ण उघडी हवी, आणि रॅक भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला टेकलेल्या कव्हरांवर बुरशी येते. विजेच्या वायरी एका खांबाने आणि सिग्नलच्या दुसऱ्या खांबाने उतरवा.

काम झाल्यावर एक चाचणी करा. तबकडी थांबलेली असताना सुई रेकॉर्डवर टेकवा, आवाज नेहमीइतका ठेवा आणि माथ्याच्या फळीवर बोटाच्या पेराने टकटक करा. स्पीकरमधून धप्प असा आवाज आला तर टर्नटेबलखाली कडप्प्याची लादी आणि तिच्याखाली मऊ रबराचे चार तुकडे द्या. टोकदार पायांच्या जाहिरातींना भुलू नका. त्यांनी तुमच्या फरशीला चरे पडतील एवढीच खात्री मी देतो.

गोदाकाठ
सर्वांचे आभार. काल लोहचुंबक फिरवले, पहिल्याच फळीत सात खिळे निघाले. मागच्या स्क्रूचे भोक लांबट का, हे मिस्त्रींना पटेना. शेवटी वाड्याच्या दाराची आठवण करून दिली, जे दर श्रावणात चौकटीत अडकायचे, तेव्हा ते हसले आणि पेन्सिल घेऊन बसले. एलपींचा कप्पा प्लायचा करायचे ठरले आहे. त्यामुळे सागवानाचे दोन तुकडे जास्तीचे उरतील. त्यांतून खांबांखाली दीड इंचाची बैठक करता येईल का, की पाया जमिनीलगतच बरा?

रंधा
बैठक करा, नाहीतर फरशी पुसताना ओला फडका रोज खांबांच्या मुळाशी लागेल. फक्त बैठकीच्या तळाशी रबराच्या चकत्या ठोका आणि माथ्यावर पाणसळ ठेवून एखाद्या कोपऱ्यात पातळ पत्र्याची चीप लागते का ते पाहा.