गळती थांबवायची तर आधी पैसा कुठे: सॉफ्टवेअर की सल्लागार?

आकडेमोड (धागाकर्ता)
विद्यापीठातली विद्यार्थ्यांची बरीचशी गळती, म्हणजे शिक्षण मध्येच सोडणं, पहिल्या वर्षातच होते. त्यामुळे इशारा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिळायला हवा. हजेरी, पहिली असाइनमेंट आली की नाही, एलएमएसवर (अभ्यासक्रमाच्या ऑनलाइन प्रणालीवर) शेवटचं लॉगिन कधी, एवढ्यावर सॉफ्टवेअरमधून धोक्यातल्या मुलांची यादी निघते. मध्यसत्राच्या गुणांची वाट बघत बसलात तर विषय बदलायची मुदत टळलेली असते. अमेरिकेतलं जॉर्जिया स्टेट विद्यापीठ २०१२ पासून सुमारे ८०० निकषांवर रोज प्रत्येक विद्यार्थी तपासतं. पहिला खर्च इथेच करावा.

तिसरा बाक
अर्धंच सांगितलंत! त्याच विद्यापीठाने त्यासोबत ४२ सल्लागार नेमले आणि साधारण ३०० विद्यार्थ्यांमागे एक असं प्रमाण आणलं. माणसं नसतील तर यादीचं काय होतं? "आपली प्रगती समाधानकारक नाही" असा ईमेल आपोआप सुटतो, तोही नेमका ईमेल न उघडणाऱ्याला. हजार मुलांमागे एक सल्लागार असेल तर लाल यादीतल्या दोनशे जणांना तो फोन करणार कधी?

उभा छेद
दोघांशीही असहमत. सोडून गेलेल्यांची यादी गुणांप्रमाणे लावून बघा. वरच्या भागात चांगल्या गुणांनी पास झालेली मुलं दिसतील. त्यांना सल्ला नको असतो. फीची किरकोळ बाकी राहिलेली असते आणि तेवढ्यावरून पुढच्या सत्राची नोंदणी अडते. एक सत्र हुकलं की परतणारे थोडेच. जॉर्जिया स्टेटने २०११ पासून अशांना छोटी अनुदानं दिली, सरासरी ९०० डॉलरच्या आसपास. अर्ज मागवले नाहीत, विद्यापीठानेच नावं शोधून रक्कम थेट फीखात्यात वळती केली. अर्ज ठेवलात की मुदत संपेपर्यंत कागदपत्रंच फिरत राहतात. पदवीच्या सर्वात जवळ असलेल्यांना आधी द्यावं.

आकडेमोड
मग ती नावं काढतं कोण? सॉफ्टवेअरच ना?

उभा छेद
एक्सेल पुरतं. फी विभागाची आणि परीक्षा विभागाची शीट नोंदणी क्रमांकावर जुळवायची, झालं. खरी अडचण अशी की हे दोन विभाग एकमेकांना शीट देत नाहीत.

खोडरबर
पदवीचा टक्का वाढवायचा सर्वात स्वस्त उपाय कुणीच बोलत नाही: पेपर सोपे करा! टक्क्यावर निधी ठरला की हेच होणार.

तिसरा बाक
भीती रास्त आहे, पण पर्याय आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत एएसएपी ही विद्यार्थ्यांना पदवीपर्यंत टिकवायची योजना २००७ मध्ये सुरू झाली. सल्लागाराची नियमित भेट सक्तीची; वर फीची तूट भरून देणं, पुस्तकं, प्रवासाचा पास. चिठ्ठ्या टाकून पाडावेत तसे दोन गट करून तपासलं: तीन वर्षांत योजनेतले ४० टक्के पदवीधर झाले, बाहेरचे २२. दोन्ही गट त्याच महाविद्यालयांतले, म्हणजे पेपर सोपे झाले म्हणून हा फरक पडला असं म्हणता येत नाही. दर विद्यार्थ्यामागे खर्च बराच जास्त, पण दर पदवीमागे कमी.

आकडेमोड
मान्य, पण एवढी माणसं एका वर्षात मिळत नाहीत. तोवर यादी आठवड्यातून एकदाच काढा, दर सल्लागारामागे २५ नावांवर कापा, आणि ईमेल नको, फोनच करा. कुणाला फोन लागला आणि पुढे काय ठरलं याचा रकाना त्याच शीटमध्ये हवा.