गणित उलटं मांडलंय

"हल्लेखोर त्या धर्माचे, म्हणून त्या धर्माचे लोक संशयित" हे गणितच उलटं आहे. आकडे घालून बघा. समजा १० लाख श्रद्धाळूंत १०० अतिरेकी आहेत आणि अतिरेकी ओळखायची आपली चाळणी ९९ टक्के अचूक आहे, म्हणजे शंभरांत एकदाच चुकते (इतकी अचूक कुणाकडेच नसते, ते सोडा). ९९ अतिरेकी सापडतील, पण सोबत ९,९९९ निरपराधही अडकतील. म्हणजे पकडलेल्या शंभरांत खरा अतिरेकी जेमतेम एक. दाढी, पगडी, नाव या तर त्याहून भोंगळ चाळण्या. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी तिथल्या ॲरिझोनात एका पेट्रोलपंपमालकाला अरब मुसलमान समजून गोळ्या घातल्या. तो शीख होता.