गंगेला (म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीला) पूर आला की टीव्हीने नेमकं काय दाखवायचं?

जुना_केबलवाला (धागाकर्ता)

पावसाच्या धाग्यावर परवा एकाने लिहिलं होतं: "पूर आला की चॅनेलवाल्यांना गोदाघाटावर बंदी घाला. मोबाइलवर अलर्ट येतो, टीव्ही आता लागतो कोणाला? लोकल केबल तर केव्हाच मेली." दोन दिवस गप्प बसलो, पण राहवेना.

मी सतरा वर्षं जुन्या नाशकात केबलच्या कंट्रोल रूममध्ये काढली. सप्टेंबर २००८ च्या पुरात पाणी आमच्या पहिल्या पायरीला लागलं, तेव्हा आम्ही तिघांनी रिसिव्हर आणि मॉड्युलेटर, म्हणजे चॅनेल पकडून केबलवर सोडायची यंत्रं, खांद्यावरून गच्चीवरच्या खोलीत नेले. जनरेटर आधीच वर होता. लोकल चॅनेलवर एक कॅमेरा आणि त्याच्यासमोर हाताने लिहिलेली पाटी. कोणता पूल बंद, कोणत्या शाळेत राहायची सोय, फोन कोणाला करायचा, बस. रात्री अडीचला मालेगाव स्टँडजवळच्या एका आजींचा फोन आला, "बाळा, पाटी बदलली नाहीस बराच वेळ. पाणी वाढलं का रे?" त्या पाटीवर त्या झोपायचं की जागायचं ते ठरवत होत्या.

२०१३ ला सेट टॉप बॉक्स आले आणि चॅनेल कुठे लावायचं हे गल्लीतल्या ऑपरेटरच्या हातून गेलं. आमचं चॅनेल कुठल्याशा तीन आकडी नंबरावर जाऊन पडलं, आजींना सापडेना. एन्कोडर, म्हणजे चॅनेल डिजिटल करणारं यंत्र, घ्यायची ऐपत नव्हती त्या ऑपरेटरांनी लोकल चॅनेल बंद करून टाकलं. त्यामुळे "मेली" म्हणू नका. तिचा गळा आवळला गेला.

पुराच्या रात्री कामाला येते ती पडद्याखालची पट्टी, आणि ती लिहिणारा नाशकातच बसलेला हवा. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. त्याआधी प्रशासनाने केबलवाले आणि चॅनेलवाले यांच्याशी हे कागदावर ठरवावं, एवढं माझं म्हणणं.

भांडीबाजार

ते वाक्य माझंच आणि मी ते मागे घेत नाही. पाणी शिरतं तिथली वीज आधी बंद होते, करावीच लागते. मग तुमची पट्टी बघणार कोण? ऑगस्ट २०१६ ला मी आणि माझा भाऊ दुकानात मोबाइलच्या उजेडात पितळी हंडे पोटमाळ्यावर चढवत होतो. टीव्ही लागला दोन दिवसांनी, त्यावर काय, तर नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती, जिच्यावरून आम्ही पूर मोजतो. सकाळी मारुती, दुपारी मारुती, संध्याकाळी मारुती. तो बघून अख्खं गाव गंगेवर पूर बघायला उतरलं. होळकर पुलाकडे एवढी गर्दी की आमचा टेम्पो तासभर हलला नाही आणि तेवढ्यात अर्धा माल भिजला. याची भरपाई कोणत्या चॅनेलने दिली? बंदी म्हणतो ती उगाच नाही.

कॅमेऱ्यामागचा

दादा, गर्दी पूर बघायला १९६९ लाही गेली असणार. तेव्हा आम्ही नव्हतो.

मी स्ट्रिंगर आहे. पगार नाही, बातमीमागे पैसे. लाइफ जॅकेट स्वतःच्या पैशाने घेतलं, तेही बायकोने हट्ट केला म्हणून. पाठीवरच्या लाइव्हच्या पिशवीत चार-पाच सिमकार्डं असतात, एक गेलं तर दुसरं धरेल या आशेवर. पण वीज गेली की टॉवरची बॅटरी थोडा वेळ तग धरते आणि मग सगळीच सिमं एकदम गप्प. उरलेल्या टॉवरवर अख्खं शहर व्हिडिओ पाठवत असतं. २०१९ ला मी मोटारसायकलवरून कॉलेज रोडला जाऊन एका ओळखीच्याच्या वायफायवरून फुटेज पाठवलं आणि परत घाटावर आलो. असं दिवसभरात पाच वेळा. हे ज्याला माहीत नाही त्याने बंदी म्हणू नये.

आणि तुमच्या बाजाराचे पंचनामे झाले ना? नुकसानीची चित्रं राज्यभर दिसली म्हणून तिकडे लक्ष गेलं, हे लक्षात ठेवा.

मारुतीचं म्हणाल तर मान्य करतो. बातम्या लावणारा डेस्क मुंबईत. फोनोवर, म्हणजे फोनवरून लाइव्ह घेताना, सांगतात, "मागे वाहतं पाणी दिसेल असा उभा राहा." सराफ बाजार वर की खाली, हे त्यांना ठाऊक नसतं. मी सांगितलं तरी पट्टीवर "गोदावरीचं रौद्र रूप" हेच जातं.

गंगापूर_रोड

मला भांडीबाजार यांचं पटतं. २०२३ ला सरकारने देशभर मोबाइलवर त्या मोठ्या आवाजाच्या अलर्टची चाचणी घेतली, सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते. सायलेंटवर असला तरी वाजतो आणि एकाच भागातल्या फोनवर पाठवता येतो. मग मध्ये टीव्ही कशाला?

गर्दीचं तर मी डोळ्यांनी पाहिलंय. जानेवारी २०१९ ला सावरकरनगरमध्ये बिबट्या शिरला तेव्हा लाइव्ह बघून लोक गच्च्यांवर आणि रस्त्यावर. वनखात्याच्या माणसांना धड हलता येईना. त्यात पत्रकारही जखमी झाले. ते जनावर बावरणार नाही तर काय!

जुना_केबलवाला

बिबट्याचं मान्य. तिथे कॅमेरा लांबच हवा. दहशतवादविरोधी कारवाई लाइव्ह दाखवू नये, अधिकाऱ्याने सांगितलं तेवढंच द्यावं, असा नियम २०१५ ला केबल टीव्हीसाठी झालाच. बिबट्यालाही तो लावा, माझी हरकत नाही.

पण तुमच्या अलर्टचं सांगतो. फोनवर येतं काय? "नाशिक जिल्ह्यात काही ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता." पंधरा तालुक्यांचा जिल्हा. सुरगाण्याचा पाऊस आणि येवल्याचा पाऊस एका ओळीत! गाडगे महाराज पूल बंद आहे का, हे तो अलर्ट सांगत नाही. मुसळधार पावसात डीटीएचची छोटी डिशही मान टाकते, कारण त्या लहरी पावसाच्या थेंबांतच जिरतात. कंट्रोल रूमची मोठी डिश सी बँडवर, म्हणजे जास्त लांबीच्या लहरींवर असते, ती बराच तग धरते. आणि वीज नाशिकभर जात नाही, भांडीबाजार. खाली अंधार असतो तेव्हा वरच्या मजल्यांवर, इंदिरानगरला, सिडकोत टीव्ही चालू असतात. तुमचा माल काढायला येणारा मेहुणा तिथेच राहतो ना?

निफाडकर

सगळा धागा वाचला. सगळे नाशकातल्या रामकुंडापाशी थांबलात. पाणी तिथे थांबत नाही हो!

गंगापूर धरणाचं पाणी खाली येतं, त्यात दारणा मिळते आणि ते सगळं सायखेडा-चांदोरीला आमच्या दारात. पुढे नांदूरमध्यमेश्वरला कादवाही येते. रामकुंडावर ओसरलं की ओबी व्हॅन (चॅनेलची लाइव्हची गाडी) वळते, तेव्हा आमच्याकडे चढत असतं. चांदोरीचं खंडेराव मंदिर पाण्यात जातं, द्राक्षबागेत गाळ बसतो, पण आमच्यासाठी पट्टी नाही आणि मारुतीही नाही. धरणातून किती पाणी सोडलं, म्हणजे विसर्ग, तो सांगतात की, "गंगापूरमधून इतके हजार क्युसेक". माझ्या आईला क्युसेक काय कळणार?

गंगापूर_रोड

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. १० हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. एवढं शिकायला काय हरकत आहे?

भांडीबाजार

शिकून करू काय? मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. कमरेला लागलं की खालची फळी रिकामी करायची हे आमच्या आजोबांपासून ठरलंय. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं की काय करायचं तेही. या मोजपट्टीला बॅटरी लागत नाही.

गंगापूर_रोड

मारुती सांगतो आता किती पाणी आहे. विसर्ग सांगतो पुढे किती येणार आहे. मारुतीच्या छातीला लागेपर्यंत थांबलात म्हणूनच माल भिजला ना?

भांडीबाजार

तोंड सांभाळून. माझा माल तुमच्या आकड्याने वाचला नसता. त्या दिवशी बाजारात पहिलं पाणी नदीकडून आलंच नाही, सरस्वती नाल्यातून उलटं फिरून आलं. धरणाने एक थेंब सोडला नाही तरी आमच्याकडे ते येतं. कुठल्या क्युसेकमध्ये बसवता ते?

निफाडकर

बघा, परत तुमचाच बाजार. मारुती नाशिकचा आहे, त्याला दारणा दिसत नाही. आम्हाला आमची खूण हवी. "सायखेड्याच्या पुलाला पाणी लागायला एवढा वेळ" असं कोणी बोलावं. आकडा नको, मारुती नको, वेळ सांगा. गाई सोडायच्या की नाही, ते वेळेवर ठरतं. २०१९ ला आम्ही दोन गाई बांधलेल्याच सोडून निघालो. एक वाचली.

कॅमेऱ्यामागचा

निफाडकर, मला वाईट वाटलं. त्या संध्याकाळी मला डेस्कने परत बोलावलं होतं. मी विचारलं होतं, चांदोरीला जाऊ का? "तिकडे काय व्हिज्युअल आहे?" असं उत्तर आलं. मी गेलो नाही.

शिक्षिका_सिडको

तुम्ही पुरावर भांडताय, मला २१ एप्रिल २०२१ आठवतो. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती झाली, २२ रुग्ण गेले. माझे मामा त्या दिवशी दुसऱ्याच एका रुग्णालयात ऑक्सिजनवर होते. आम्ही लावलेल्या चॅनेलवर सुरुवातीला एवढंच येत होतं, "नाशिकच्या रुग्णालयात ऑक्सिजन गळती". कोणतं रुग्णालय? मामींनी टीव्हीसमोरच बसकण मारली. नाव कळेपर्यंत मी अकरा फोन लावले, एकही लागला नाही. त्या वीस मिनिटांत मामींचं जे झालं ते अजून निस्तरतोय. बंदी घालून ते नाव लवकर कळलं असतं का? नाही. पण अर्धवट ओळ चालवण्यापेक्षा दोन मिनिटं थांबले असते तरी चाललं असतं. पट्टी लिहिणारा नाशिकचा हवा हे केबलवाले काकांचं म्हणणं मला त्या दिवसापासून पटलेलं आहे.

भांडीबाजार

ताई, तुमचं वेगळं आहे. त्यावर मी काही बोलत नाही.

बंदी हा शब्द जरा जास्त झाला असेल. पण कॅमेरा पुलावर नको, यावर मी ठाम आहे. एखाद्या इमारतीच्या गच्चीवरून दाखवा. आणि काका, पट्टीत सरस्वती नाला घालणार असाल तर बोला, नाहीतर राहू द्या.

जुना_केबलवाला

नाला घालू. सायखेड्याचा पूलही घालू, वेळेसकट. पण वेळ धरणावरच्या माणसाने सांगायला हवी, ती मी गच्चीत बसून कुठून आणू? निफाडकर, तुमच्याकडे पुलावर पाणी कधी चढलं हे २०१६ आणि २०१९ चं कोणी लिहून ठेवलंय का? विसर्ग किती वाजता वाढवला ते मी मिळवतो. दोन्ही शेजारी ठेवून बघू.

निफाडकर

दूध संकलनाच्या वहीत असेल. गाडी कधी अडली ते तिथे लिहितात. उद्या सकाळी बघतो.