गोष्टींच्या कट्ट्यावर स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांसाठी काय बदल करावेत?

एरंडवणेकर

आम्ही काही मंडळी एरंडवण्यातल्या एका बागेत दर रविवारी सकाळी मुलांसाठी गोष्टींचा कट्टा चालवतो. गेल्या महिन्यात नऊ वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला होता. गोष्ट रंगली, चाळीसएक मुलांनी एकदम टाळ्या वाजवल्या आणि त्याने दोन्ही कान दाबून बाकाभोवती गोल गोल धावायला सुरुवात केली. ‘आधी जरा शिस्त लावा, मग आणा,’ असे एक आजोबा बोलून गेले आणि आम्ही सगळे गप्प बसलो. त्यानंतर ती दोघे फिरकली नाहीत. अशा मुलांसाठी महिन्यातून एकदा वेगळा कट्टा घ्यावा, असा विचार चालू आहे. तो योग्य ठरेल का?

चौदा वर्षांच्या मुलाची आई

कृपया वेगळा कट्टा नको. वेगळ्या शाळा आणि वेगळे वर्ग यांतच आमचा आठवडा जातो. रविवारी तरी त्याला चार मुलांत बसू द्या. माझ्या मुलाला गर्दीपेक्षा अनपेक्षित गोष्टींचा त्रास जास्त होतो. त्यामुळे आदल्या संध्याकाळी फाटक, बसायची जागा आणि स्वच्छतागृह यांचे फोटो, तसेच कोणती गोष्ट किती वेळ चालेल हे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, तरी निम्मे काम होते. मात्र मग दहा म्हणजे दहालाच सुरू करावे लागेल (आपल्याकडे हाच भाग सर्वांत अवघड!). कडेला एक सतरंजी अशी अंथरा, की मध्येच उठून गेले तरी कुणाला ओलांडावे लागणार नाही. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवता येतात; मुलांना त्यात मजाच वाटते.

नदीपल्याड

थोडे रोखठोक लिहितो. एका मुलासाठी चाळीस मुलांनी टाळ्याही वाजवू नयेत, हे मला पटत नाही.

उशिरा कळलेला

मी स्वतः ऑटिस्टिक असून हे निदान मला सत्ताविसाव्या वर्षी झाले. ‘स्वमग्न’ हा शब्द मला खटकतो, कारण मी स्वतःत मग्न नसतो. उलट पंख्याची घरघर, शेजारच्याचे अत्तर आणि वक्त्याचे बोलणे हे सगळे एकाच पट्टीत माझ्यावर येऊन आदळत असते. तो मुलगा धावत होता, तेव्हा बहुधा स्वतःला सावरत होता आणि कदाचित ऐकतही होता. नदीपल्याड यांच्या शंकेबाबत म्हणायचे, तर टाळ्यांवर बंदी नकोच. गोष्ट सांगणाऱ्याने ‘आता टाळ्या’ असे आधी म्हटले, तरी कान झाकायला वेळ मिळतो.

आणखी एक विनंती अशी, की येणाऱ्यांकडे दाखला मागू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, परंतु एडीएचडीचा (लक्ष टिकवण्यातील अडचण आणि अतिचंचलता) स्वतंत्र उल्लेख नाही. शिवाय माझ्यासारख्या अनेकांना निदानच फार उशिरा मिळते. लंडनच्या गॅटविक विमानतळावर 2016 पासून सूर्यफुलांची हिरवी गळपट्टी वरून न दिसणाऱ्या दिव्यांगत्वाची ऐच्छिक खूण म्हणून देतात. तिथे ती उपयोगी पडते, कारण तिचा अर्थ कर्मचाऱ्यांना शिकवलेला असतो. आपल्या बागेत ती घातली, तर ‘हे काय घातलंय?’ या प्रश्नालाच दहा वेळा उत्तर द्यावे लागेल.

एरंडवणेकर

वेगळ्या कट्ट्याचा विचार सोडला. फोटो या शनिवारीच काढतो. गणेशोत्सवाआधी नदीपात्रातून ढोलांच्या सरावाचा आवाज बागेपर्यंत येतो, त्यामुळे ते रविवार एका सदस्याच्या घरी घेऊ आणि तसे महिनाभर आधी कळवू. आजोबा रोजचे आहेत, त्यांच्याशी मीच बोलेन. त्या आईंना फोन करताना मात्र काय म्हणावे, ते सुचत नाही.

चौदा वर्षांच्या मुलाची आई

त्या दिवशी आम्ही गप्प बसलो, ते चुकले, एवढे आधी म्हणा. मग त्याला कशाच्या गोष्टी आवडतात, ते विचारा. माझ्या मुलाला रेल्वेची वेळापत्रके आवडतात. पुण्याहून सुटणाऱ्या गाड्यांवर कुणी गोष्ट रचली, तर तो पहिल्या रांगेत येऊन बसेल.