पैसे घेऊन लढणाऱ्यांना अभिमानाने काय म्हणायचं? (‘भाडोत्री’ सोडून)

दुर्बीण
एक विज्ञानकथा लिहिते आहे. काळ अजून तीनेकशे वर्षांनंतरचा. सेरेस या बटुग्रहावर खाणी आहेत, गुरूच्या चंद्रांवर वस्त्या आहेत, आणि यातल्या कुणालाच स्वतःचं सैन्य पोसणं परवडत नाही. त्यामुळे पैसे घेऊन लढणारी एक तुकडी आज या वस्तीच्या बाजूने, उद्या त्या. स्वतःची यानं, स्वतःची शस्त्रं, स्वतःचे नियम. प्रमुख साठीची बाई आहे. पहिल्याच प्रकरणात ती खाणमालकांना सांगते, "आम्ही भाडोत्री सैनिक आहोत. केलेला करार पाळतो." हे तिने ताठ मानेने म्हणायला हवं आहे.

खर्डा मावशीला वाचायला दिला. ती आयुष्यभर मराठी शिकवत आली. म्हणाली, "भाडोत्री म्हटलंस आणि ती बाई मला सुपारी घेणारी वाटायला लागली." माझं म्हणणं, भाड्याने घेतलेला तो भाडोत्री, शब्दात वाईट काय आहे? त्यावर ती म्हणते, कोश बाजूला ठेव, कानाला काय वाटतं ते सांग.

तर हा शब्द पहिल्यापासून हिणकस होता का? आणि त्या बाईला मान वर करून उच्चारता येईल असा दुसरा कोणता?

जुनी वही
पहिल्यापासून हिणकस अजिबात नव्हता. आमच्या गिरगावातल्या चाळीत भाडेकरूला सर्रास भाडोत्री म्हणत. मालक आणि भाडोत्री, अशी जोडीच होती. माझी आजी "आम्ही इथले जुने भाडोत्री" असं अभिमानाने सांगायची, कारण जुना म्हणजे पागडी न देता आलेला. भाडेकरू शब्दाने त्याला घरातून काढलं आणि मग तो मारेकरी, गुंड, गर्दी यांच्याच मागे लागायला उरला.

सैनिकांसाठी तो मी पहिल्यांदा वाचला १९८१ साली. सेशेल्समधलं सरकार उलथवायला काही गोरे रग्बी खेळाडूंच्या वेषात तिथल्या माहे बेटावर उतरले, विमानतळावरच बिंग फुटलं, आणि मुंबईला येणारं एअर इंडियाचं विमान पळवून ते डर्बनला गेले. वडील पेपर मोठ्याने वाचत होते. भाडोत्री सैनिक म्हणजे काय, हे मी तेव्हा विचारल्याचं आठवतं.

तळटीप
इतक्या लांब जायची गरज नाही. कौटिल्याने सैन्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: मौल, भृत, श्रेणी, मित्र, अमित्र आणि अटवी. मौल म्हणजे पिढीजात, भृत म्हणजे पगारी. पण तुमच्या कथेला चपखल बसतो तो तिसरा, श्रेणीबल. श्रेणी म्हणजे व्यावसायिकांचा संघ, स्वतःचे नियम असलेला, आणि असा संघ लढाईसाठीही बोलावता येत असे. तुम्ही वर्णन केलेली तुकडी अक्षरशः हीच आहे. ‘आम्ही श्रेणी आहोत.’ शब्द आपला आहे, जुना आहे, त्याला कसलाही डाग नाही.

पायवाट
तळटीप, शब्द सुंदर आहे, पण आज श्रेणी म्हटलं की गुणपत्रिका आठवते. ‘अ श्रेणी’. ती बाई असं म्हणाली तर खाणमालक विचारतील, कोणती?

तळटीप
वापरला नाही म्हणून अर्थ गेला, आणि अर्थ गेला म्हणून वापरायचा नाही, या चक्रातून मराठी कधी बाहेर पडणार? पहिल्या प्रकरणात एकदा समजावून सांगा, तिसऱ्या प्रकरणापर्यंत वाचक रुळतो. विज्ञानकथेत वाचक नवीन शब्द शिकायच्या तयारीनेच बसलेला असतो.

ग्वाल्हेरी
आमच्याकडचा शब्द सुचवतो: कंपू. महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या सावॉयच्या माणसाकडून ज्या कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांना कंपू म्हणत. मूळ पोर्तुगीज ‘कांपो’ असं घरी ऐकलंय. कुणी इंग्रजी ‘कॅम्प’ही म्हणतात. ग्वाल्हेरात आजही कंपू नावाचा भाग आहे आणि तो ज्या शहरात आहे त्याचं नाव लष्कर. माझं बालपण कंपूत गेलं असं मी सांगतो तेव्हा पुण्याचे लोक विचित्र नजरेने बघतात.

१७९० साली राजस्थानातल्या पाटण आणि मेडता इथे या कंपूंनी राजपूत फौजांना जे पाणी पाजलं ते पाहिलं तर हा शब्द किती जड होता ते कळेल. आणि द बॉयन्य करारानेच आला होता, इंग्रजांशी लढणार नाही ही अट घालून. दुर्बीण, तुमच्या बाईचा पणजोबा शोभेल.

अर्धविराम
पण मराठी संकेतस्थळांवर कंपूबाजी हा शब्द किती वर्षं चालू आहे! कंपू म्हणजे एकमेकांना वाहवा करणारे चार जण. आता त्याला तोफखाना परत मिळणार नाही.

ग्वाल्हेरी
तो अर्थ तुमच्या पुण्या-मुंबईचा. आमच्याकडे कंपू म्हणजे पत्ता.

जयगडचा वारा
गारदी का नको? फ्रेंच ‘गार्द’वरून आलेला, पैसे घेऊन लढणारा कवायती शिपाई, याहून नेमकं काय पाहिजे?

पायवाट
कारण गारदी म्हटलं की शनिवारवाडा, ३० ऑगस्ट १७७३, ‘काका मला वाचवा’. मराठी माणसाच्या डोक्यातून ते काढता येणार नाही.

जयगडचा वारा
आणि पानिपत? इब्राहिमखान गारदी आधी निजामाकडे होता, मग भाऊसाहेबांकडे आला. समोर अब्दाली, त्याच्या धर्माचा. १४ जानेवारी १७६१ ला हा माणूस बाजू बदलून सुटू शकला असता. बदलली नाही. पकडला गेला आणि हाल होऊन मेला. पैसे घेतले होते, करार पाळला. दुर्बीणच्या बाईचं वाक्य शब्दशः जगलेला माणूस आहे हा. एका वाड्यातल्या खुनासाठी आपण आख्ख्या पेशाला खुनी ठरवलं आणि पानिपतावरच्या गारद्यांना विसरलो, याचं मला खरंच वाईट वाटतं. कथेत गारदी शब्द आला तर त्याला थोडा न्याय मिळेल.

दुर्बीण
हे वाचून अंगावर काटा आला. गारदी मनात ठेवते आहे. ‘शिलेदार’बद्दल काय वाटतं? फारसी सिलाहदार, म्हणजे शस्त्रधारी. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदार स्वतःचा आणायचा. माझ्या तुकडीची यानं स्वतःची आहेत. आणि ‘एकांडा शिलेदार’ हा वाक्प्रचार तर जिवंत आहेच.

अर्धविराम
शिलेदाराची गाडी आता उलट दिशेला गेली आहे. पेपरात अमक्या नेत्याचे शिलेदार म्हणजे त्याचे निष्ठावंत. जो स्वतःच्या घोड्यानिशी वाटेल त्याच्याकडे चाकरी करू शकत होता, तो आज कधीच पक्ष न सोडणारा झालाय. ‘आम्ही शिलेदार आहोत’ म्हटलं तर वाचक विचारेल, कुणाचे?

जुनी वही
शिवाजीमहाराजांनीही शिलेदारांवर फार विसंबायचं टाळलं, भर पागेवर, म्हणजे सरकारी घोड्यांच्या दळावर. सभासदाच्या बखरीत दिलेली उतरंड बघा: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा हजारी. घोडा सरकारचा असला की माणूसही सरकारचा राहतो, हा त्यामागचा विचार.

पायवाट
मला इथे थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण प्रश्न एका शब्दाचा नाही. अठराव्या शतकातल्या मराठीकडे पैसे घेऊन लढण्याची पूर्ण कामकाजी भाषा होती आणि तिच्यात शरम नावालाही नव्हती. मोहिमेआधी शिलेदाराला घोड्याच्या नाला आणि निगराणीसाठी जी उचल मिळे ती नालबंदी. रोख पगार तो रोजमुरा. माणसं आणि घोडी मोजायची ती गणती. किल्ल्या-ठाण्यावर ठेवलेले शिपाई ती शिबंदी. पगार थकला तर शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसत, त्याला जेवूसुद्धा देत नसत, आणि यात कुणाला बेइमानी दिसत नव्हती. चाकरी होती, तिचा हिशेब होता.

‘देशासाठी लढतो तो सैनिक, पैशासाठी लढतो तो हलकट’ ही वाटणी नंतरची आहे, आणि युरोपातही ती नंतरचीच. इंग्रजी ‘सोल्जर’ शब्द एका रोमन नाण्यावरून आलाय, सॉलिडस. म्हणजे मुळात प्रत्येक शिपाई पगारीच. इटलीत ‘कोंदोत्ता’ म्हणजे करार, तो करणारा कोंदोत्तिएरो. जॉन हॉकवूड नावाच्या इंग्रज कोंदोत्तिएरोचं घोड्यावरचं भित्तिचित्र फ्लोरेन्सच्या मुख्य चर्चमध्ये आहे, १४३६ सालचं. भाडोत्री म्हणून कुणी त्याला बाहेर ठेवलं नाही.

म्हणून दुर्बीण, एकच शब्द शोधू नका. त्या बाईला नालबंदी मागू द्या. "अर्धी नालबंदी आधी, मग यानं हलतील." वाचकाला ती कोण आहे ते आपोआप कळेल.

तळटीप
यानांना नाल कुठून आली?

पायवाट
पत्र हे पान होतं, आता कागदही लागत नाही. तरी आपण पत्रच पाठवतो.

दफ्तर
पायवाट, मांडणी आवडली, पण शरम पूर्ण नंतरची हे पटत नाही. १८०३ चं काय? इंग्रजांनी जाहीरनामा काढला की शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्यांची सोय करू, आणि गोरे अधिकारी ऐन लढाईच्या तोंडावर निघून गेले. द बॉयन्यनंतर कंपूंचा प्रमुख झालेला खुद्द पेराँ सप्टेंबरात इंग्रजांच्या आश्रयाला गेला. त्याच महिन्यात इंग्रजांशी असईची लढाई झाली. पैशाने आलेला पैशाने जातो, हे आपल्या लोकांनी अनुभवातून शिकलं. भाडोत्री शब्दाचा वास तिथून येतो, युरोपातून उसना घेतलेला नाही.

आज कायदाही तेच म्हणतो. जिनिव्हा कराराच्या १९७७ च्या पहिल्या जोडकरारात कलम ४७ आहे: भाडोत्री सैनिकाला युद्धकैद्याचा हक्क नाही. कथेत ती बाई पकडली गेली तर हा मुद्दा लागेल. शब्द बदलल्याने तिचा दर्जा बदलत नाही.

पायवाट
पेराँ गेला, पण त्याचे देशी शिपाई असईला तोफांपाशी मरेपर्यंत उभे राहिले. तेही पगारीच होते.

ग्वाल्हेरी
+१. आणि ते कंपूचेच होते.

दुर्बीण
कलम ४७ माहीत नव्हतं, दफ्तर, खूप आभार. कैदेचं प्रकरणच आहे पुढे. नालबंदी घेतेच आहे. पण तुकडीसाठी, म्हणजे ‘कंपनी’साठी काय? कंपनी तशीच ठेवली तर वाचकाला खासगी मर्यादित वाटेल.

तळटीप
कंपनीचं मूळ लॅटिन आहे: ‘कोम’ म्हणजे सोबत, ‘पानिस’ म्हणजे भाकरी. एकत्र भाकरी खाणारे. मराठीत पंगत. ‘अंतरिक्षातली पंगत’ म्हणत नाही मी, पण ‘सहभोजी’सारखं काही घडवता येईल.

अर्धविराम
पलटण! फौजेतून घरात आलेला शब्द. "आली पोरांची पलटण" असं कुठलीही आई म्हणते. त्यात धाकही आहे, मायाही आहे. साठीची बाई आपल्या माणसांना दुसरं काय म्हणणार?

जयगडचा वारा
पलटण पायदळाची. यानं आहेत म्हणजे आरमार. सरखेल, तांडेल, नाखवा, सारंग हे शब्द तयार असताना जमिनीवर कशाला चालायचं? आंग्रे दस्तक, म्हणजे परवाना, दिल्याशिवाय गलबत सोडत नव्हते. लघुग्रहांच्या पट्ट्यात दस्तक मागणारी बाई मला आत्ताच दिसते आहे.

तळटीप
अंतराळाला समुद्र समजणं ही इंग्रजी कथांची सवय आहे. आणि शब्द अंतरिक्ष आहे, अंतराळ नव्हे.

जुनी वही
राकेश शर्मा १९८४ ला गेले तेव्हा सगळ्या पेपरांनी अंतराळवीर लिहिलं. चाळीस वर्षं झाली. आता तो शब्द आपला आहे.

अर्धविराम
आणि अवकाश? आमच्याकडे ‘अजून अवकाश आहे’ म्हणजे वेळ आहे. अवकाशयान ऐकलं की मला ते उशिरा सुटणार असं वाटतं.

तळटीप
अवकाश म्हणजे मोकळी जागा, हाच संस्कृतातला पहिला अर्थ. वेळ नंतर.

जयगडचा वारा
ते असू दे. तांडेल आणि नाखवा यातला फरक इथे किती जणांना माहीत आहे? आमच्याकडे तांडेल होडी चालवतो आणि नाखवा तिचा मालक, पण रायगडातले माझे सोयरे नेमकं उलटं सांगतात. दुर्बीणच्या बाईला नाखवीण म्हणायचं की तांडेलीण, ते यावर ठरेल. किनाऱ्यावरचं कुणी आहे का इथे?