विषय: कौन्सिलमधला कामाचा आठवडा, मतं हवी आहेत

प्रेषक: अनिकेत

नमस्कार मंडळी,

इथे ब्रिटनमध्ये आमच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे स्थानिक पालिकेत, कामाची पद्धत नव्याने ठरवायचं चाललंय. कुणी किती दिवस ऑफिसला यायचं, इमारतीचा एक मजला भाड्याने द्यायचा का, चार दिवसांच्या आठवड्याचा प्रयोग करायचा का, यावर कर्मचाऱ्यांकडून लेखी मतं मागवली आहेत. मी हाउसिंग बेनिफिटमध्ये, म्हणजे घरभाड्याच्या सरकारी मदतीच्या विभागात आहे. आमच्याकडची चर्चा ‘घरून की ऑफिसातून’ यापुढे सरकतच नाहीये, आणि मला वाटतं मूळ प्रश्न तिथे नाही. मंडळातले बरेच जण कौन्सिलमध्ये आहेत. तुमच्याकडे काय चाललं, काय नाही चाललं? शुक्रवारपर्यंत मला मत द्यायचंय.

अनिकेत

---

प्रेषक: शैला

अनिकेत,

मी कचरा आणि रस्ते विभागाच्या रोटाचं, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकाचं काम बघते, म्हणून त्या बाजूने लिहिते. कौन्सिलचं बरंचसं काम लॅपटॉपवर होतच नाही. बिनची गाडी, खड्डे बुजवणारी टीम, वृद्धांची काळजी घ्यायला घरी जाणाऱ्या केअरर, लायब्ररीचं काउंटर. 2020 नंतर मात्र सगळी चर्चा डेस्कवाल्यांची झाली. डेपोतल्या माणसांना वाटायला लागलं की फ्लेक्सिबल वर्किंग, म्हणजे कामाची वेळ-जागा सोयीने ठरवणं, ही वरच्या मजल्यावरच्यांची सवलत आहे. मला हे मनापासून खुपतं. पहाटे गाडीवर चढणाऱ्या माणसासाठी ज्या योजनेत एक ओळ नाही, ती योजना अर्ध्याच कौन्सिलची.

म्हणून तुझ्या मतात इंग्लंडमधल्या साउथ केंब्रिजशर कौन्सिलचा दाखला जरूर दे. जानेवारी 2023 मध्ये त्यांनी चार दिवसांचा आठवडा सुरू केला. ब्रिटनमध्ये असं करणारी ती पहिली कौन्सिल. पगार पूर्ण, काम पूर्ण, वेळ सुमारे 80 टक्के. सुरुवात डेस्कवाल्यांपासून झाली, पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बिनच्या क्रूलाही आत घेतलं. त्यासाठी सोमवारचं कलेक्शन काढून सगळ्या फेऱ्या मंगळवार ते शुक्रवार बसवाव्या लागल्या. रोटा करणाऱ्यालाच कळेल हे केवढं काम आहे. मार्ग पुन्हा आखायचे, घराघरांचे वार बदलायचे, ते लोकांपर्यंत वेळेत पोचवायचे, आणि बँक हॉलिडे आला की सगळं पुन्हा तपासायचं. तरी त्यांनी ते केलं, म्हणून मला त्या प्रयोगाबद्दल आदर आहे.

तेव्हाच्या सरकारला ते पसंत नव्हतं. मंत्र्यांनी प्रयोग थांबवायला सांगितलं, नोव्हेंबर 2023 मध्ये बेस्ट व्हॅल्यू नोटीस, म्हणजे कारभाराबद्दल सरकारची औपचारिक ताकीदही आली. कौन्सिल थांबली नाही. जुलै 2024 मध्ये विद्यापीठांनी केलेला अभ्यास आला. तपासलेल्या सेवांपैकी बहुतेक सुधारल्या होत्या किंवा होत्या तशाच राहिल्या होत्या, नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं होतं, आणि 3,71,500 पौंड वाचले होते, ते मुख्यतः एजन्सीच्या, म्हणजे बाहेरून तात्पुरत्या घेतलेल्या माणसांच्या खर्चातले. जुलै 2025 मध्ये त्यांनी ही पद्धत कायम केली.

माझ्या मते यातला एजन्सीचा मुद्दा सगळ्यात मोठा. प्लॅनिंग ऑफिसर, बिल्डिंग कंट्रोल, एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ या जागांसाठी खाजगी कंपन्या देतात तो पगार कौन्सिल देऊ शकत नाही. मग जागा रिकामी राहते, एजन्सीचा माणूस येतो, त्याच्यावर जास्त खर्च होतो, आणि सहा महिन्यांत तोही जातो. फाइल प्रत्येक वेळी पहिल्या पानापासून वाचावी लागते. पगार वाढवता येत नसेल तर वेळ देता येतो. फायनान्सवाल्यांना हेच पटेल, तेव्हा हे वरच लिही.

आइसलंडचंही बघून ठेव. 2015 ते 2019 मध्ये रेक्याविक शहर आणि तिथल्या सरकारने अडीच हजारांहून जास्त लोकांचे तास 40 वरून 35-36 वर आणले, पगार न कापता. त्यात शाळा होत्या, केअर होती, शिफ्टवाले होते.

शैला

---

प्रेषक: वसंत

शैला, अनिकेत,

बहुतेक सेवा टिकल्या हे चांगलंच आहे. पण मी हाउसिंगमधून निवृत्त झालोय, माझी नजर उरलेल्यांकडे जाते. त्याच कौन्सिलच्या पुढच्या आढाव्यात भाडेवसुली, रिकामं झालेलं घर पुन्हा देण्याचा काळ आणि दुरुस्तीबद्दल भाडेकरूंचं समाधान या बाबतीत घसरण दिसली. कारणं अनेक असतील, महागाईचा काळ होता. तरी रिकाम्या घराचं काम कसं चालतं ते मला माहीत आहे. चाव्या आल्या की पाहणी, मग गॅस आणि विजेची तपासणी, दुरुस्ती, सफाई, मग नवीन भाडेकरूला घर दाखवणं. हे सगळं एकामागून एक होतं. पाहणी करणाऱ्याची सुट्टी शुक्रवारी आणि काम लावून देणाऱ्याची सोमवारी असेल, तर चावी गुरुवार संध्याकाळपासून मंगळवारपर्यंत ड्रॉवरमध्ये पडून राहते. तेवढे दिवस एक कुटुंब तात्पुरत्या निवाऱ्यात एका खोलीत राहतं, आणि त्याचं बिल पुन्हा कौन्सिललाच येतं.

म्हणून माझं म्हणणं, सुट्टीचा वार माणूस बघून ठरवू नका, काम कोणाकडून कोणाकडे जातं ते बघून ठरवा. आधी कागदावर ती साखळी काढा. जिथे काम हातातून हातात जातं तिथे दोन्ही टोकांना माणूस हवाच.

आणि अनिकेत, मजला भाड्याने द्या, पण तळमजल्याचं काउंटर सोडू नका. ज्यांना ऑनलाइन फॉर्म जमत नाही ते तिथेच येतात. तुझ्या बेनिफिटवाल्यांना हे मी सांगायला नको.

वसंत

---

प्रेषक: निशा

वसंतकाका, साखळीचा मुद्दा अगदी पटला. मी मुलांच्या सोशल वर्कमध्ये आहे, तिथलं थोडं सांगते.

आमच्या टीमने ‘आठवड्यातून किती दिवस’ हा प्रश्नच बाजूला ठेवला. कुठल्या कामासाठी एकत्र यायचं, एवढंच ठरवलं. कोर्टाचा रिपोर्ट लिहायचाय तर घरीच बसा, शांतता लागते. पण एखाद्या घरची अवघड भेट झाली की त्या दिवशी टीमजवळ या, एकट्याने ते ओझं घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसू नका. नवीन सोशल वर्करच्या पहिल्या वर्षात सीनियर शेजारी हवाच. फोनवर चिडलेल्या आईशी कसं बोलायचं हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये मिळत नाही, ते शेजारी बसून ऐकल्यानेच येतं. म्हणून हॉट डेस्किंग, म्हणजे रोज मिळेल त्या टेबलावर बसणं, आलं तरी टीमचा कोपरा ठरलेला असावा, असा आम्ही आग्रह धरला.

दुसरं म्हणजे गोपनीयता. शेअर्ड घरात खोली घेऊन राहणाऱ्या आमच्यातल्या एखादीने केसचे फोन कुठे करायचे? तिला ऑफिस हा हक्क म्हणून मिळायला हवा. आणि 1992 चे स्क्रीनवर काम करण्याबद्दलचे नियम घरून काम करणाऱ्यांनाही लागू होतात, म्हणजे खुर्ची-टेबलाचं मूल्यमापन कौन्सिलला करावंच लागतं. हे बरेच जण विसरतात.

कायद्याचं एक लक्षात ठेव. 6 एप्रिल 2024 पासून फ्लेक्सिबल वर्किंगचा अर्ज नोकरीच्या पहिल्या दिवसापासून करता येतो, बारा महिन्यांत दोनदा, आणि दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. हा हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही. म्हणून टीमचा रोटा आधी सगळ्यांनी मिळून ठरवलेला बरा. नाहीतर जो आधी अर्ज करेल त्याला शुक्रवार मिळतो आणि लाजणारा मागे राहतो.

निशा

---

प्रेषक: अनिकेत

सगळ्यांचे खूप आभार.

काल रात्री मसुदा केला. सुरुवात डेपो आणि केअररपासून केली आहे, त्यानंतर एजन्सीचा खर्च. वसंतकाका, तुमच्या सांगण्यावरून आमच्या बेनिफिटच्या कामाची साखळी काढली. पोस्ट उघडणारे, पुरावे तपासणारे आणि निर्णय घेणारे असे तीन गट आहेत, आणि सध्याच्या प्रस्तावात पुरावे तपासणाऱ्या सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी पडते. नवीन क्लेम त्या दिवशी जागचा हलणार नाही. ज्याचं भाडं थकलंय त्याला तो दिवस फार महाग पडतो, तेव्हा हे मी ठळक लिहिलंय. तळमजल्याचं काउंटर सगळे दिवस उघडं राहावं, हेही.

निशा, टीमच्या कोपऱ्याचा मुद्दा तुझ्या शब्दांत घेतला तर चालेल ना?

शैलाताई, मंगळवार ते शुक्रवारचा रोटा प्रत्यक्षात कसा दिसतो याचा एखादा नमुना नावं काढून पाठवता येईल का? आमच्या डेपोच्या युनियन प्रतिनिधीला तो बघायचा आहे. गुरुवारी दुपारी मी त्यांना भेटतोय.

अनिकेत