घाटात सायकल आणि रिकामं पोट: 'मूठभर शेंगदाणे पुरतात' या पोस्टला उत्तर

पसरणीकर

गेले चार दिवस एक पोस्ट आमच्या सायकलच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. घाट चढायला दम लागतो, खाणं नाही. दोनशे किलोमीटरला दोन बाटल्या पाणी आणि मूठभर शेंगदाणे पुरतात. जेल (पाकिटातला साखरेचा घट्ट पाक) आणि पावडरी म्हणजे कंपन्यांनी घातलेली टोपी. मावळ्यांना कुठे इलेक्ट्रोलाइट लागत होतं, वगैरे. परवा आमच्यातल्या एका नव्या मुलाने हे खरं मानलं आणि खंबाटकीतून त्याला टेम्पोत घालून आणावं लागलं. म्हणून सविस्तर लिहितोय.

मीही हे भोगलंय. दोन वर्षांपूर्वी, एप्रिल. पुणे-पाचगणी-पुणे. पहाटे साडेचारला कात्रजहून निघालो, शिरवळला अर्धी प्लेट पोहे आणि चहा. खंबाटकी मस्त चढली, म्हणून सुरूर फाट्याला थांबलोच नाही. वाई ओलांडली आणि पसरणी घाटाच्या मध्यावर पाय गेले. दुखत नव्हते, नुसते रिकामे झाले होते. खिशात चिक्की होती, पण तिचं वेष्टण बोटांनी फाटेना, हात इतके थरथरत होते. कणसं भाजणाऱ्या मावशींकडे जाऊन बसलो. त्यांनी पैसे सांगितले आणि मला हातातल्या तीन नोटांची बेरीज जमेना. त्यांनीच नोटा परत खिशात कोंबल्या आणि पितळी पेल्यात साखरपाणी कालवून दिलं. वीस मिनिटांनी मला समोरचं धोम धरणाचं पाणी नीट दिसायला लागलं.

हिशोब साधा आहे. यकृत आणि स्नायू मिळून शरीरात साठवलेली साखर ४०० ते ५०० ग्रॅम. चढावर ती भराभर जळते. चरबी ढीगभर असली तरी चढाच्या जोराला ती एकटी पुरी पडत नाही. म्हणून लांबच्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पहिल्या तासापासून. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. आणि घाटाची खुबी अशी की चढताना दम लागलेला, उतरताना दोन्ही हात ब्रेकवर. खायला वेळ मिळतो तो फक्त घाटाच्या आधी. वाईत खा, पसरणीत नाही.

जुनीसायकल

ती पोस्ट माझी आहे. वय ६३. १९८६ साली बिनगिअरच्या चोवीस इंची सायकलवरून पुणे-महाबळेश्वर केलंय. बरोबर शेंगदाणे, गुळाचा खडा आणि पाणी. वाटेत झऱ्याचं पाणी प्यायलो. काही झालं नाही. तुमच्या त्या मुलाला सराव नव्हता, त्याचं खापर माझ्यावर का? आजकाल दीड तासाच्या सिंहगडलाही पोरं चार पाकिटं बांधून येतात आणि रिकामी पाकिटं घाटात फेकतात. डोणज्यापासून वरपर्यंत वेचत या एकदा. मी वेचलीत, पोतं भरलं होतं.

पसरणीकर

पाकिटं फेकणाऱ्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण काका, गुळाचा खडा म्हणजे काय हो? निव्वळ साखर. पन्नास ग्रॅम गुळात जवळजवळ तेवढीच साखर असते. तुम्ही १९८६ साली जेलच खाल्लंत, फक्त ते कागदात बांधलेलं होतं. पोस्टमध्ये तुम्ही गूळ गाळलात आणि शेंगदाणे ठेवलेत, भांडण तिथेच आहे. शेंगदाण्यात मुख्यतः तेल आणि प्रथिनं, चढावर ते पोटात दगडासारखे बसतात.

जुनीसायकल

गूळ लिहायचा राहिला. तेवढं मान्य. बाकी मुद्दा कायम.

रक्तदाब

डॉक्टर आहे, पण लिहितोय सायकलवाला म्हणून. दोघेही एक धोका विसरताय. 'पाणी पीत राहा, पीत राहा' हा सल्ला तितकाच वाईट. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यात १३ टक्क्यांचं सोडियम खाली गेलेलं निघालं. त्यांच्यात बरेचजण असे, ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं होतं. म्हणजे घामाने गेलं त्याहून जास्त पाणी पोटात गेलं. डोकं दुखणं, उलटी, गोंधळ, टोकाला झटके. लोक म्हणतात पाणी कमी पडलं आणि आणखी पाजतात.

दुसरी गफलत ओआरएसची. ते जुलाबासाठी बनवलेलं आहे. लिटरभर द्रावणात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, म्हणजे अर्धं केळं. मीठ मिळेल, खाणं मिळणार नाही. दोन पाकिटं प्यायलो म्हणून जेवण झालं असं समजू नका. मी स्वतः ७५० मिलीच्या बाटलीत सहा चमचे साखर, अर्धं लिंबू आणि पाव चमचा मीठ घालतो. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

पसरणीकर

मान्य. पण आपल्याकडे एप्रिलमध्ये ताशी आठ किलोमीटरने चढताना अंगाला वारा नाही, दगड तापलेला, तासाला लिटरभर घाम सहज जातो. आमच्याकडे जास्त पिणारा मी अजून एकही पाहिला नाही. कमी पिणारे पाहिलेत.

मृण्मयी_वाई

मीही कमी पिणारीच. आणि का, ते इथे कुणी विचारलेलं नाही.

सगळे 'प्या, प्या' म्हणताय. जायचं कुठे? मी पहाटेच्या राइडला निघताना चहासुद्धा घेत नाही. पहिले साठ किलोमीटर घोट घोट घेते, कारण ग्रुपचा पहिला थांबा टपरी असते. टपरीमागे पुरुष जातात, मी कुठे जाऊ? मागच्या मे महिन्यात ताप येऊन चार दिवस पडून होते, मूत्रमार्गाचा संसर्ग, एका वर्षात दुसऱ्यांदा. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी किती पिता? मी रडले तिथे. मला माहीत आहे किती प्यावं. तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे.

जुनीसायकल

हा वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा. आमच्याबरोबरही दोघी-तिघी यायच्या, त्यांनी कधी तक्रार केली नाही.

मृण्मयी_वाई

त्यांनी तक्रार केली नाही कारण त्या प्यायल्याच नाहीत! विचारा त्यांना आज फोन करून. आणि वेगळा विषय कसा? धाग्याचं नाव काय आहे, वाचा. पाणी पिणं आणि पाणी जाणं हे दोन विषय तुमच्यासाठी असतील.

कोकणकडा

पेट्रोल पंप असतात की. तिथे स्वच्छतागृह द्यावंच लागतं, फुकट.

मृण्मयी_वाई

द्यावं लागतं, पण पहाटे साडेपाचला कुलूप असतं, आणि किल्ली घरी गेलेल्या माणसाकडे. एका पंपावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' असा बोर्ड आहे. मी सायकलच्या बुटांत, खटखट वाजत, चार माणसांसमोर किल्ली मागत उभी राहते. आणि घाटात पंप कुठून आणणार? वरंध्यात आणा एक.

गिअरबदल

माफ करा, पण इथे आहारावर चर्चा चालली होती. आता ती महिलांच्या हक्कांवर गेली.

सावित्री_नदीकाठ

गेली तर गेली. मी पन्नाशीची आहे, ताम्हिणी दोनदा केलाय. दोन्ही वेळा मुळशीनंतर एक थेंब प्यायले नाही. दुसऱ्या वेळी उतारावर पायात असा गोळा आला की सायकल झाडाला टेकवून रस्त्यावर बसले. नवऱ्याने सगळ्यांना सांगितलं, हिला सराव कमी पडला. मीही तेच सांगत राहिले. आज पहिल्यांदा खरं लिहितेय.

रक्तदाब

गिअरबदल, हा आहाराचाच प्रश्न आहे. पाणी कमी असलं की पोट गोड पदार्थ पुढे ढकलत नाही, मळमळतं, मग खाणंही थांबतं. मी वर बाटलीचं प्रमाण दिलं आणि ती बाटली पिता येते का, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. चूक माझी.

पसरणीकर

माझीही. 'कमी पिणारे पाहिलेत' असं मीच वर लिहिलंय आणि कारण उन्हात शोधत बसलो. आमच्या ग्रुपचे थांबे मीच ठरवतो. शिरवळची टपरी तिथले पोहे चांगले म्हणून ठरवली होती. आजपासून ती बंद. शिरवळच्या बसस्टँडची काय अवस्था आहे, कुणाला माहीत?

मृण्मयी_वाई

नाक दाबून जाता येतं. त्यापेक्षा सुरूर फाट्याच्या अलीकडे डाव्या हाताला एक मोठं हॉटेल आहे, पहाटे उघडं असतं, बायकांसाठी वेगळं आणि आतून कडी लागते. चहा महाग आहे. मला चालतो. मागच्या वेळी मी एकटीच तिथे थांबले आणि तुम्ही सगळे पुढे निघून गेलात, पसरणीकर.

पसरणीकर

आठवतंय. तू मागे पडलीस असं मी ग्रुपवर लिहिलं होतं. ते काढून टाकतो.

जुनीसायकल

रात्री बायकोला विचारलं. १९८९ ला भोरपर्यंत माझ्याबरोबर आली होती. म्हणाली, निघाल्यापासून परत येईपर्यंत घोटभरही पाणी घेतलं नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी ताप होता. मला ताप आठवतो. तो कशाने आला, ते तिने तेव्हा सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पोस्टमध्ये गूळ घातला आहे आणि 'दोन बाटल्या' काढलं आहे. जेलबद्दल माझं मत तेच आहे, पाकीट घाटात दिसलं तर मी बोलणार. रविवारी गूळपोळ्या आणतो, तुपाशिवाय, नाहीतर चढावर जड होतात. किती जण आहात?

मृण्मयी_वाई

अकरा, त्यात आम्ही तिघी. काका, वाईनंतर वरपर्यंत आतून कडी लागेल अशी एकही जागा मला अजून सापडलेली नाही. पाचगणीच्या आधी कुणाला माहीत असेल तर रविवारच्या आत इथे लिहा.

सावित्री_नदीकाठ

घाट सुरू व्हायच्या आधी, पसरणी गावात माझी मावसबहीण राहते. तिच्याशी आत्ताच बोलले. सात वाजता दार उघडं ठेवते म्हणाली, आणि ताक करून ठेवू का विचारतेय. मीठ घालूनच कर, असं सांगितलंय.